पेटण्याचा क्रम

इंजिन बदलून आज नववा दिवस.
चालू होतं. हेच तर दुखणं.
मुळीच न पेटणाऱ्या गाडीचं एक बरं असतं,
माणूस हात झटकून घरात जातो.
ही पेटते, मग हुडहुडी भरल्यासारखी
चाकांसकट हलत राहते,
आणि जरा पेडल दाबलं की कार्बोरेटरमधून असा बार काढते
की शेडमधली मांजर थेट धान्याच्या कोठीमागे.

सस्कॅचवनमधला ऑक्टोबर संपत आलेला.
कनोला कापून झालाय, जमिनीवर नुसते खुंट.
उणे नऊ.
पाना हाताला चिकटतो, शिवी जिभेला.

टाटो म्हणाले, कार्बोरेटर. उघडला, धुतला, बसवला.
म्हणाले, पेट्रोलमध्ये पाणी. टाकी उपसली.
शेजारचा वासिल कोस्त्युक म्हणाला, कुठूनतरी हवा खेचतंय,
मग दीड दिवस एकेका नळीला कान लावून बसलो.
को-ऑपमध्ये बोल्ट विकणारी आयरीन म्हणाली, गाडीच विका.
रोग रेड्याला, औषध पखालीला.
घोडं पेंड कुठं खातंय, ते कुणालाच दिसेना.

इंजिन डॅनिलोच्या गाडीतलं.
तो फोर्ट मॅकमरीला गेला तेव्हा गाडी इथंच ठेवून गेला.
दोन हिवाळे ती शेडमागं बर्फात.
त्या भांडणाबद्दल घरात कुणी बोलत नाही.
फक्त इंजिन काढायच्या दिवशी
टाटोंनी बॉनेटवरचा बर्फ झाडूनं नाही, हातानं पुसला.

डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून आठ वायरी निघतात.
कुठली कुठल्या सिलिंडरला, ते टाटो डोळे मिटून लावतात.
एक-पाच-चार-दोन-सहा-तीन-सात-आठ.
बुटाची नाडी बांधता येण्याआधी
आम्हा तिघांकडून हा पाढा घोटून घेतला होता.

(मला हाक मारायची तर
"डॅ... मा... इर्का!"
आधी थोरला, मग मधला, मग मी.
बत्तिशी उलटली माझी,
अजून दोन नावं ओलांडूनच ते माझ्यापर्यंत पोचतात.)

आज ते कॉफी आणायला घरात गेले
आणि करायला काही नव्हतं म्हणून
मी रॉकेलच्या फडक्यानं इंजिनचा माथा पुसत बसले.
वीस वर्षांचं मळकट तेल.
त्याखालून लोखंडातच ओतलेले आकडे वर आले.
एक-तीन-सात-दोन-
मी थांबले. पुन्हा पुसलं.
-सहा-पाच-चार-आठ.

"टाटो, हे वाचा."
चष्मा नव्हता. अंगठा फिरवून वाचलं.
"छापताना चुकलेत."
"लोखंडात?"
मग त्यांनी आपला पाढा पुन्हा म्हटला, मोठ्यानं,
जणू इंजिनाला कमी ऐकू येतं.

कंपनी तीच, बाहेरून तोंडवळा तोच,
आत मात्र पेटण्याचा क्रम निराळा.
आणि आठातल्या चार वायरी बरोबरच होत्या,
म्हणून तर चालत होतं,
आमचं घर चालतं तसं.

पाचची जागा तीनला, तीनची पाचला.
चारची सातला, सातची चारला.
आकडे मी वाचले, वायरी त्यांनी हलवल्या,
ओठ अजून जुनंच पुटपुटत होते,
हात माझं ऐकत होते.
नऊ दिवस, आणि काम दोन मिनिटांचं.

किल्ली फिरवली.
कॉफीचा कप एअर फिल्टरच्या झाकणावरच राहिला होता.
कॉफी सांडली नाही.
वर फक्त एक बारीक गोल कड उमटत राहिली, मिटत राहिली.

टाटो कितीतरी वेळ ऐकत उभे होते.
टोपी काढली, पुन्हा घातली.
मग इंजिनाकडे बघतच म्हणाले,
"डॅ..."

मी वाट पाहिली.
पुढची नावं आलीच नाहीत.
मी "हं" म्हटलं
आणि मागितला नव्हता तो पाना पुढं केला.